साहेब जेवत नाहीत

ताई मागच्या दारच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर आडवं केलं तरी तिच्या तोंडी एकच वाक्य होतं.

"ठोंब्या, साहेबांना तुझ्याकडे घेऊन जा. ऐकतोयस ना? त्यांना एकटं ठेवू नकोस."

रुग्णवाहिकेवरच्या माणसाला वाटलं, बाई नवऱ्याबद्दल बोलतायत. त्यानं तिच्या धाकट्या भावाच्या, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "साहेब चालू शकतात का?"

"चालतात," भाऊ म्हणाले, "पण सावकाश."

साहेब म्हणजे ताईचं कासव. हे नाव ठेवलं होतं ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे भाऊंच्या भावजींनी. भावजी सरकारी कचेरीत कारकून होते. कासवाला घरी आणलं त्याच दिवशी ते म्हणाले होते, "हे आमच्या साहेबांसारखंच आहे. मान बाहेर काढायच्या आधी चारी दिशा बघतं, आणि काही विचारायला गेलं की मान आत." दोन वर्षांपूर्वी भावजी गेले. मूलबाळ नव्हतं. घरात ताई आणि साहेब एवढेच उरले.

ताईच्या धाकट्या भावाचं चौकात सलून होतं. सगळा मोहल्ला त्याला भाऊ म्हणायचा, अगदी त्याच्यापेक्षा वयानं मोठे लोकसुद्धा. ठोंब्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते आता मोडलेला खुबा घेऊन दवाखान्यात पडलं होतं. भाऊंचं लग्न राहूनच गेलेलं. खाली दुकान, वर एक खोली, खिडकीखाली पलंग. त्या पलंगाशेजारी त्यांनी लाकडी खोकं ठेवलं, त्यात गवत पसरलं आणि साहेबांची स्थापना केली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग थंडी पडली आणि साहेबांची अन्नावरची वासनाच उडाली. पान समोर ठेवलं तर ढुंकून बघेनात. डोळे मिटलेले, पाय आत ओढलेले. मधेच दुपारी ऊन आलं की दोन पावलं सरकायचे आणि पुन्हा तिथंच ठप्प. धड जागे नाहीत, धड झोपलेले नाहीत. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, मी कुत्री-मांजरं बघतो. कासवातलं मला काही कळत नाही, उगाच तुम्हाला काहीतरी सांगायचो."

ताईला सांगायची सोय नव्हती. शस्त्रक्रिया होऊन तिला चालायला शिकवणाऱ्या केंद्रात हलवलं होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. स्वतःच्या पायाबद्दल ती एक शब्द बोलायची नाही.

"साहेब जेवले?"

"जेवले की. चांगली दोन पानं खाल्ली. आधी कडा कुरतडल्या, मग मधला देठ. देठ जरा कडक होता, तर मान अशी तिरकी करून..."

"बरं," ताई म्हणायची आणि जरा वेळानं फोन ठेवायची. भाऊ मग खोक्यातली सुकलेली पानं उचलून टाकायचे. खोटं बोलल्याचं त्यांना इतकं लागायचं की स्वतःचं जेवणही गोड लागायचं नाही.

शेवटी त्यांनी फोनवरच शोधायचं ठरवलं. भाऊ बोलका माणूस. सगळं आयुष्य लोकांच्या मानेभोवती कापड गुंडाळून गप्पा मारण्यात गेलेलं. त्यांनी शोधायच्या चौकटीत जे मनात होतं तेच लिहिलं: "साहेब जेवत नाहीत काय करावे".

उत्तरं भराभर आली. वरिष्ठांची मर्जी कशी सांभाळावी. रागीट साहेबांशी कसं वागावं. एकानं तर लिहिलं होतं, साहेबांना एखाद्या चांगल्या हॉटेलात घेऊन जा.

भाऊंनी कपाळावर हात मारला आणि "कासव जेवत नाही" असं लिहिलं. मग समुद्रकिनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं आली, बागेत ठेवायची सिमेंटची कासवं आली, घरपोच. तेव्हा भाऊंना वाटलं, आपण नीट समजावून सांगितलं नाही, म्हणून असं होतंय. त्यांनी बैठक मारून सविस्तर लिहिलं: "नमस्कार. माझ्या ताईचं कासव आहे, ताई आजारी आहे, तिला काही कळू द्यायचं नाही, कासव खात नाही आणि डोळे मिटून बसतं, कृपया लवकर सांगा."

यावर आजारी बहिणीला पाठवायच्या पुष्पगुच्छांची चित्रं आली.

खूप खाली गेल्यावर एका ठिकाणी कासव पाळणारे लोक आपसांत बोलत होते. तिथं उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची कमतरता नव्हती. एक म्हणत होता, मातीत पुरून ठेवा. दुसरा म्हणत होता, चमच्यानं तोंड उघडा आणि साखर घातलेलं दूध ओता. तिसऱ्यानं लिहिलं होतं, ते मेलेलं असणार.

भाऊंनी चमचा आणला, दूध कोमट केलं. साहेबांना मांडीवर घेतलं. चमच्याची कड तोंडाशी नेली तेव्हा साहेबांनी एक डोळा अर्धवट उघडला आणि भाऊंकडे पाहिलं. वस्तरा हातात धरून भाऊंनी हजारो गळे पाहिले होते, पण त्यांच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "नाही जमणार, साहेब," ते म्हणाले, "तुम्ही भरवून घेणाऱ्यातले नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ते ग्रंथालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्याला त्या अशा बघायच्या की माणूस पुढच्या वेळी पुस्तक कापडात गुंडाळून आणायचा. पाळीव प्राण्यांवरचं एकुलतं एक पुस्तक भाऊंनी त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे मी शाळेत होते तेव्हापासून इथं आहे," बाई म्हणाल्या. "यात कासवाला दुधात भिजवलेला पाव द्या म्हणून लिहिलंय. देऊ नका. दूध त्यांना पचत नाही, हे आता सगळे सांगतात. फोनवर काही शोधलंत का?"

भाऊंनी संकोचून फोन पुढे केला. आधी काय काय शोधलं ते सगळं त्यात दिसत होतं. बाई वाचत गेल्या. रागीट साहेबांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा काही तेवढा मळला नव्हता.

"भाऊ, तुम्ही याच्याशी गप्पा मारताय."

"मग काय करू?"

"याला तुमची ताई माहीत नाही. हा फक्त शब्दाला शब्द जुळवतो. तुम्ही आजारी बहीण म्हणालात, त्यानं फुलं आणून दिली. त्याचं काय चुकलं? आता असं धरून चाला, की जगात कुठंतरी एक माणूस आहे. त्याला तुमचं उत्तर माहीत आहे आणि त्यानं ते आधीच लिहून ठेवलंय. लिहिताना त्यानं कोणते शब्द वापरले असतील? 'साहेब' म्हटलं असेल?"

"नाही."

"'माझी ताई'?"

"त्याची ताई वेगळी असेल," भाऊ म्हणाले.

बाई चक्क हसल्या. "म्हणून आपले शब्द सोडायचे आणि त्याचे धरायचे. कोणतं कासव आहे तुमचं?"

"कोणतं म्हणजे? कासव ते कासव."

"तुमच्या खुर्चीत कुणी बसला आणि म्हणाला, केस कापा. कापता लगेच?"

"छे! विचारतो. मागून किती, कानावर किती, भांग कुठला. नाहीतर माझ्या नावानं बोंब."

"मग?"

भाऊंनी पुस्तक मिटलं. पुढच्या दिवशी ते साहेबांना पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, वर शाल टाकून ग्रंथालयात आले. प्राणी आणू नयेत अशी पाटी दारातच होती. बाईंनी खोक्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या संगणकाशी खुर्ची ओढून बसल्या.

"सांगा. जे दिसतंय तेवढंच सांगा. तुम्हाला काय वाटतं ते नको."

पाठ उंच, घुमटासारखी. पायाच्या बोटांत पडदा नाही, म्हणजे पाण्यातलं नव्हे, जमिनीवरचं. आणि मागच्या दोन्ही मांड्यांवर एकेक छोटा, काट्यासारखा उंचवटा. इतके दिवस साहेब पलंगाशेजारी होते, पण हा काटा भाऊंनी आत्ताच पाहिला. बाईंनी एवढंच लिहिलं: जमिनीवरचं कासव, मांडीवर काटा. चार-सहा छायाचित्रं आली. त्यातलं एक म्हणजे हुबेहूब साहेबच, फक्त जरा तरुण. खाली त्या जातीचं शास्त्रीय नाव होतं.

"आता 'कासव' सोडून द्यायचं, हे नाव लिहायचं," बाई म्हणाल्या. "अवतरणचिन्हात टाकलं की तेच्या तेच शब्द शोधतो, इकडेतिकडे भटकत नाही. आणि बाजार नको असेल तर 'विक्री' या शब्दाआधी वजाचं चिन्ह. बघा."

दुकानं गेली. सिमेंटची कासवं गेली. उरलेल्यांत एक पान पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं होतं. ते पाळणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेलं होतं, खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, साल होतं. त्यात पुन्हा पुन्हा एक शब्द येत होता: शीतनिद्रा.

"ही जात थंडीत झोपते," भाऊ वाचत म्हणाले. "महिनोन्‌महिने."

"हा शब्द चोरा आता. चांगलं पान सापडलं की त्यातले शब्द उचलायचे आणि त्यांनीच पुन्हा शोधायचं."

भाऊंनी स्वतः शोधलं, एका बोटानं. कासवाचं शास्त्रीय नाव, शीतनिद्रा, अन्न न घेणे. आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. एक पान म्हणत होतं, ऊब द्या. दुसरं म्हणत होतं, ऊब अजिबात देऊ नका, थंड जागी ठेवून झोपू द्या. दोन्ही पानं जाणकारांचीच दिसत होती.

"आता कुणाचं ऐकू?"

"दोघंही बरोबर असतील. कुठल्या कासवाबद्दल, कुठल्या अवस्थेबद्दल बोलतायत ते बघा."

बाईंनी त्या महाविद्यालयाच्या पानावर परत जाऊन शेवटपर्यंत वाचलं, आणि तिथं ते होतं. खरा धोका मधल्या अवस्थेचा. खायला पुरेल एवढी ऊब नाही आणि झोप लागेल एवढी थंडी नाही, अशा जागी कासव राहिलं की ते खात नाही आणि अंगातलं बळ मात्र जळत राहतं. भाऊंना आपली खोली आठवली. दुपारी खिडकीतून ऊन, रात्री खालच्या दुकानाचा गारठा. मधली अवस्था म्हणतात ती हीच.

पण झोपवायचं की जागं ठेवायचं, याचं उत्तर त्या पानानं दिलं नव्हतं. त्यानं उलट प्रश्न विचारले होते. मागच्या थंडीत कासव झोपलं होतं का? त्याआधीच्या? वजन किती होतं?

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "हे यात सापडणार नाही, भाऊ. हे तुमच्या ताईंनाच विचारावं लागेल."

काखेत कळसा नि गावाला वळसा. भाऊ खोकं उचलून निघाले, पण पावलं जड झाली होती.

साहेबांना घरी सोडून ते केंद्रात पोचले तेव्हा ताई तिथल्या लांब ओसरीत, हातात चालायची चौकट धरून, एकेक पाऊल टाकत होती. भाऊंना बघून थांबली. तिच्या कपाळावर घाम होता आणि केस कसेतरी बांधलेले होते. भाऊंनी तिला बाकावर बसवलं, खिशातून कंगवा काढला आणि तिच्या मागे उभे राहिले. केसांतून कंगवा फिरत असताना बोलणं सोपं जातं, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं.

"ताई, साहेब जेवत नाहीत."

"माहीत आहे."

कंगवा थांबला. "कुणी सांगितलं?"

"तूच. रोज सांगतोस. लहानपणापासून तुझं हेच आहे. खरं बोलतोस तेव्हा एका शब्दात उरकतोस. खोटं बोललास की देठ, कडा, मान तिरकी, सगळं येतं." ती जरा थांबली. "मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मी इथं पडून काय केलं असतं? म्हणून मीही नाही विचारलं. जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग विचार काय विचारायचंय ते."

भाऊंनी विचारलं. मागच्या थंडीत साहेब झोपले होते का?

ओसरीच्या टोकाला कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचा आवाज विरेपर्यंत ताई तिकडेच बघत राहिली.

"हे होते तेव्हा झोपायचे," ती म्हणाली. हे म्हणजे भावजी. "दर थंडीत. हे सगळी तयारी करायचे, कोठीच्या खोलीत खोकं ठेवायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, मी कधी लक्षच दिलं नाही. हे गेले तीही थंडीच होती. चार दिवसांनी बघते तर साहेबही खायचे थांबलेले, डोळे मिटायला लागलेले. ठोंब्या, मला ते सहन नाही झालं. अख्ख्या घरात हलणारं तेवढंच उरलं होतं. मी त्यांच्यावर दिवा लावला. स्वयंपाकघरात, शेगडीजवळ. गरम पाण्यात पाय बुडवले, फुलं आणून दिली, आणि त्यांना झोपू नाही दिलं. गेल्या थंडीतही नाही. ते जागे होते म्हणून मीही घरात होते, असं समज." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्रास झाला असेल ना रे त्यांना? माझ्यासाठी दोन वर्षं बिचारे जागत बसले."

भाऊंनी तिचे केस नीट बांधले, मानेवरचे सुटलेले दोन केस आत खोचले.

"वजन माहीत आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लहानपणी तू चोरून खायचास त्या साखरेच्या डब्याएवढं. भरलेल्या," ताई म्हणाली, आणि दोघंही रडता रडता हसले.

त्यानंतर शोधणं भाऊंना जमायला लागलं. आता त्यांना कासव बघणारा डॉक्टर हवा होता, तर त्यांनी "कासवाचा डॉक्टर" लिहिलं नाही. असा डॉक्टर स्वतःच्या पाटीवर काय लिहील, याचा विचार केला आणि "सरपटणारे प्राणी, उपचार" असं लिहून पुढे आपल्या भागाचं नाव घातलं. बसनं तासाभरावर एक डॉक्टरीणबाई सापडल्या. भाऊंनी त्यांना सगळं सांगितलं, तेही थोडक्यात: जात, वजन, दोन हिवाळे जागेपणी, सध्या मधली अवस्था.

"अशी माहिती घेऊन कुणी येत नाही हो," त्या म्हणाल्या. साहेबांना उलटंपालटं करून तपासलं आणि म्हणाल्या, "शरीर उतरलंय, पण फार नाही. या वर्षी झोपवू नका, पोटात काय अर्धवट पचलेलं राहिलंय सांगता येत नाही, आणि अंगात साठाही नाही. दिवा लावा, रोज कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. तोंडात काहीही कोंबू नका. आणि पुढच्या वर्षी मात्र रीतसर झोपू द्या. त्यांचा हक्क आहे तो."

वरच्या खोलीत ऊब टिकत नव्हती, म्हणून साहेबांची बदली खाली दुकानात झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसला दिवा भाऊंनी आणला आणि तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीवर खोकं ठेवून वर टांगला. गिऱ्हाइकं येता-जाता वाकून बघायची. कुणी म्हणायचं, "भाऊ, यांचा नंबर माझ्या आधी का?" एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं, "यांचे काय कापता?"

त्या आठवड्यातली एक दुपार. भाऊ एका शाळामास्तरांच्या कल्ल्यांना वस्तरा लावत होते. अचानक मास्तर आरशात बघत म्हणाले, "अहो, ते काहीतरी खातंय."

भाऊंनी मागे वळून पाहिलं. दिव्याखाली मान लांबवून साहेब एक पिवळं फूल चावत होते. फुलाचा अर्धा भाग तोंडाबाहेर लोंबत होता. भाऊंनी वस्तरा पुसला, मास्तरांना एका बाजूनं फेसाळलेलं तसंच सोडलं आणि ताईला फोन लावला.

"जेवले," ते म्हणाले.

पलीकडे ताईनं खोल श्वास सोडल्याचं ऐकू आलं. एकाच शब्दात सांगितलं होतं, म्हणजे खरं होतं.

ताई काठी घेऊन घरी परतली तेव्हा झाडांना पालवी आली होती. त्या उन्हाळ्यात साहेबांनी बागेतली निम्मी फुलं फस्त केली. दिवस लहान व्हायला लागले तशी भाऊंनी तयारी सुरू केली. खाणं कधी थांबवायचं, खोकं किती थंड हवं, हे सगळं त्यांनी शोधून काढलं होतं. दोन वेगळ्या पानांवर तेच सापडलं की मगच ते मानायचे, आणि एवढं करूनही डॉक्टरीणबाईंना विचारून खात्री करायचे. ग्रंथपाल बाईंच्या त्या जुन्या पुस्तकात, दुधात भिजवलेल्या पावाच्या पानावर, आता एक चिठ्ठी चिकटवलेली होती: हे करू नये. अक्षर भाऊंचं होतं, परवानगी बाईंची.

झोपवायच्या दिवशी ताईनं साहेबांना बराच वेळ मांडीवर घेतलं. मग स्वतःच कोठीच्या खोलीतल्या खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं. झाकणाला भोकं होती, तरी तिनं दोनदा विचारलं, "हवा जाते ना?" दार ओढून घेतल्यावर घर खरोखरच सुनं झालं. ती स्वयंपाकघरात येऊन बसली, आणि शेगडीजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

"अधूनमधून वजन करावं लागतं," भाऊ चहाचं आधण ठेवत म्हणाले. "झोपेत फार उतरलं तर उठवावं लागतं. सगळीकडे लिहिलंय."

"मला वाकता येत नाही. खोकं कोण उचलणार?"

"मी येईन की. दर सोमवारी, दुकान बंद असतं."

"दर आठवड्याला करावं लागतं?"

"हो," भाऊ म्हणाले, एकाच शब्दात.

महिन्यातून एकदा केलं तरी पुरतं, असं त्याच पानावर पुढे स्पष्ट लिहिलेलं होतं. ताईनं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग ती काठीचा आधार घेत उठली आणि फडताळातून दोन कप काढले.